नोव्हेंबरच्या यादीतलं नाव आणि मैदानावरची मिनिटं

प्रश्न न्यू जर्सीतल्या एका आईचा आहे. मुलगी दहावीत आहे, क्लबकडून सॉकर, म्हणजे आपला फुटबॉल, खेळते, मध्यरक्षक (मिडफिल्डर) म्हणून. दर नोव्हेंबरात स्थानिक वर्तमानपत्रात 'आपल्या राज्यातले कोण कोण खेळाडू एनसीएएच्या बाद फेरीत खेळत आहेत' अशी यादी येते. एनसीएए म्हणजे अमेरिकेतल्या कॉलेजांच्या खेळांची राष्ट्रीय संघटना. ती यादी घरात वाचली जाते आणि मुलगी म्हणते, मला इथे यायचंय. आईला तीन गोष्टी कळून घ्यायच्या आहेत. या यादीत नाव येतं कसं? दरवर्षी स्पर्धेत जाणारंच विद्यापीठ निवडावं का? आणि यासाठी राज्य सोडून लांब जावं लागतं का?

गेली बावीस वर्षं मी मध्य न्यू जर्सीत मुलामुलींना सॉकर शिकवतो. माझ्या हाताखालून गेलेल्या मुलांची नावं त्या यादीत पाहिली आहेत. ज्यांचं नाव यायला हवं होतं आणि आलं नाही, अशांच्या घरी जाऊन चहाही प्यायलो आहे. त्यामुळे जरा सविस्तर लिहितो.

आधी त्या यादीबद्दल. ती पाहताना आपल्या मनात नकळत एक चित्र उभं राहतं: न्यू जर्सीचा संघ, न्यू जर्सीची मुलं. मी कोल्हापूरचा. शाहू स्टेडियमवर तालमीचा संघ उतरला की अख्खी पेठ मागे उभी राहते, आणि आमच्या वेळी संघातली बहुतेक पोरंही त्याच पेठेतली असत. इथे आल्यावर पहिली काही वर्षं मी कॉलेज सॉकरकडे त्याच नजरेनं बघत होतो आणि गोंधळत होतो. इथे राज्याचा संघ आणि राज्याचे खेळाडू या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत.

१९९० चं उदाहरण घ्या. इथल्या रटगर्स विद्यापीठाचा पुरुष संघ राष्ट्रीय अंतिम सामन्यात पोचला आणि यूसीएलएकडून शून्य-शून्य बरोबरीनंतर पेनल्टीवर हरला. न्यू जर्सीच्या कॉलेज सॉकरमधला तो फार मोठा दिवस. त्या संघाचा पुढे जगप्रसिद्ध झालेला बचावपटू ॲलेक्सी लालास मात्र मिशिगनचा. त्याच काळात न्यू जर्सीत वाढलेली सगळ्यात गुणी पोरं बाहेर होती. कर्नीचे जॉन हार्क्स आणि टोनी मिओला व्हर्जिनिया विद्यापीठाकडून खेळले. टॅब रामोस नॉर्थ कॅरोलायना स्टेटला गेला. स्प्रिंगफील्डचा क्लॉडिओ रेना नूअर्कच्या सेंट बेनेडिक्ट्स शाळेतून व्हर्जिनियाला गेला आणि १९९१, १९९२, १९९३ अशी लागोपाठ तीन राष्ट्रीय विजेतेपदं घेऊन आला. १९९३ च्या उपांत्य फेरीत त्याच्या व्हर्जिनियानं हरवलं ते प्रिन्स्टनला. म्हणजे न्यू जर्सीच्या विद्यापीठाची वाट न्यू जर्सीच्याच मुलाच्या संघानं अडवली. त्या वर्षी राज्याच्या यादीत कोणाला धरायचं, प्रिन्स्टनच्या संघाला की रेनाला?

मुलींमध्येही तेच. ईस्ट ब्रन्सविकची हेदर ओ'रायली नॉर्थ कॅरोलायनाकडून २००३ आणि २००६ ची विजेती. बास्किंग रिजची टोबिन हीथ त्याच विद्यापीठाकडून २००६, २००८ आणि २००९ ची विजेती. डेलरनची कार्ली लॉइड मात्र राज्यातच, रटगर्समध्ये राहिली. रटगर्सच्या मुली पहिल्यांदा राष्ट्रीय उपांत्य फेरीत, म्हणजे कॉलेज कपमध्ये, गेल्या २०१५ साली. तेव्हा लॉइडला कॉलेज सोडून दहा वर्षं झाली होती, आणि त्याच वर्षीच्या जुलैत तिनं विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात हॅटट्रिक केली होती. कॉलेज कपच्या यादीत तिचं नाव कधीच आलं नाही. तुमच्या मुलीला हे जरूर सांगा. दिलासा म्हणून नव्हे, ती यादी काय मोजते आणि काय मोजत नाही हे तिला कळावं म्हणून.

आता नाव येतं कसं, ते.

पहिल्या श्रेणीत, म्हणजे डिव्हिजन १ मध्ये, मुलींच्या स्पर्धेला ६४ संघ असतात आणि मुलांच्या स्पर्धेला ४८. मुलांमध्ये पहिल्या १६ मानांकित संघांना पहिल्या फेरीत पुढे चाल मिळते. जवळपास निम्म्या जागा वेगवेगळ्या कॉन्फरन्सच्या, म्हणजे आपापसांत साखळी खेळणाऱ्या विद्यापीठांच्या गटांच्या, विजेत्यांना आपोआप मिळतात. उरलेल्या जागा एक समिती वाटते. कुणाला हरवलंत, कुणाकडून हरलात, सामने किती कठीण होते, हे ती बघते. यातून एक गोष्ट निघते, जी पालकांच्या ध्यानात फार उशिरा येते. स्पर्धेत जायचे रस्ते दोन आहेत आणि ते एकमेकांसारखे अजिबात नाहीत.

न्यू जर्सीत डिव्हिजन १ ची आठ विद्यापीठं आहेत: रटगर्स, प्रिन्स्टन, सीटन हॉल, मॉनमथ, रायडर, सेंट पीटर्स, एनजेआयटी आणि फेअरली डिकिन्सन. रटगर्स बिग टेन नावाच्या मोठ्या कॉन्फरन्समध्ये खेळतं. २०२४ पासून त्या कॉन्फरन्समध्ये यूसीएलए, यूएससी, ऑरेगन आणि वॉशिंग्टनही आले, त्यामुळे लीगच्या सामन्यासाठी रटगर्सच्या पिस्कॅटवेहून थेट पॅसिफिकच्या किनाऱ्यापर्यंत विमानानं जावं लागतं. अशा कॉन्फरन्समध्ये विजेतेपद न मिळवताही समितीकडून बोलावणं येऊ शकतं, कारण तिथले विजय वजनदार धरले जातात. लहान कॉन्फरन्समध्ये सहसा एकच दार उघडं असतं, कॉन्फरन्स जिंकायची. हंगामभर उत्तम खेळून नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात एका दुपारी पेनल्टीवर हरलात की खेळ खलास. प्रिन्स्टनच्या कॉन्फरन्समध्ये, म्हणजे आयव्ही लीगमध्ये, २०२२ पर्यंत हा प्रश्न नव्हता. साखळीत जो पहिला, तो स्पर्धेत. आता तिथेही चार संघांची बाद फेरी असते, त्यामुळे प्रिन्स्टनच्या मुलामुलींनाही तो आठवडा पार करावा लागतो.

आमच्याकडे दिवाळी बहुतेक वेळा याच सुमाराला येते. मुलगी कॉलेजात खेळत असेल तर लक्ष्मीपूजनाचा फराळ डब्यातून गाडीत जातो आणि आईबाप बोचऱ्या वाऱ्यात ॲल्युमिनियमच्या बाकावर बसतात. चार-पाच मराठी घरांत मी हे पाहिलं आहे. हंगाम गणपतीच्या आगेमागे सुरू होतो आणि नशीब चांगलं असेल तर डिसेंबरपर्यंत चालतो. तेव्हा नेमक्या सत्राच्या परीक्षा असतात, म्हणजे हॉटेलच्या खोलीत पेपर आणि दुसऱ्या दिवशी उपउपांत्य सामना.

बाद फेरीचे नियमही जरा वेगळे आहेत. २०२२ पासून साखळी सामन्यांत जादा वेळ नाही, बरोबरी म्हणजे बरोबरी. कॉन्फरन्सच्या बाद फेरीत आणि एनसीएए स्पर्धेत मात्र दहा-दहा मिनिटांचे दोन जादा डाव आणि मग पेनल्टी. पेनल्टीवर सुटलेला सामना अधिकृत नोंदीत बरोबरीच धरला जातो. म्हणजे एखादा संघ एकही सामना न हरता घरी परतलेला असू शकतो. कोच पेनल्टीचा सराव ऑक्टोबरात सुरू करतात तो यासाठीच.

२०२४ च्या मुलांच्या स्पर्धेत व्हर्मांट मानांकनाशिवाय उतरलं आणि नॉर्थ कॅरोलायनातल्या केरी गावी जादा वेळेत मार्शलला २-१ हरवून विजेतं झालं. अमेरिका ईस्ट नावाच्या एका छोट्या कॉन्फरन्समधला संघ. आपलं एनजेआयटीही त्याच कॉन्फरन्समध्ये खेळतं. त्या विजयानंतर मला कितीतरी पालकांचे फोन आले, लहान ठिकाणाहूनही जमतं तर! जमतं, यात शंका नाही. पण कुठलंही एक वर्ष बघून विद्यापीठ निवडू नका. तुमची मुलगी तिथे पोचेपर्यंत तो संघ बराचसा बदललेला असणार.

इथे मी तुमच्या दुसऱ्या प्रश्नाकडे येतो. माझं मत ठाम आहे. यादीत नाव असणं आणि खेळणं यात फार मोठं अंतर आहे, आणि वर्तमानपत्र ते अंतर दाखवत नाही. यादी संघाच्या नोंदीवरून तयार होते. संघात न्यू जर्सीची मुलगी आहे, संघ स्पर्धेत आहे, मग नाव छापलं. ती मैदानात उतरली का, किती मिनिटं, हे तिथे नसतं.

माझ्या हाताखालच्या दोन मुलींची गोष्ट सांगतो. दोघी एकाच वर्षीच्या, एकाच क्लबच्या, दोघी मध्यरक्षक. पहिली एका नावाजलेल्या विद्यापीठात गेली. तिथल्या कोचनं तिला घेताना मोठा विश्वास दाखवला होता. पण ती पोचण्याआधी कोच बदलला, आणि नव्या कोचनं तिच्याच जागेवर दुसऱ्या विद्यापीठांतून तीन अनुभवी मुली आणल्या. संघ सलग दोन वर्षं एनसीएए स्पर्धेत गेला. यादीत दोन्ही वर्षं तिचं नाव आलं, तिच्या आईनं कात्रणं जपून ठेवली. त्या दोन वर्षांत बाद फेरीत ती एक मिनिटही खेळली नाही. काही सामन्यांना तर तिला प्रवासालाही नेलं नाही. तिसऱ्या वर्षी तिनं बूट काढून ठेवले. खेळावर एवढं प्रेम असलेली मुलगी मी फार कमी पाहिली होती, म्हणून ते मला अजून लागतं.

दुसरी मुलगी डिव्हिजन ३ च्या, म्हणजे तिसऱ्या श्रेणीच्या, कॉलेजात गेली. पहिल्या महिन्यापासून खेळली, चार वर्षं खेळली. तिच्या संघाला एकदाच राष्ट्रीय स्पर्धेचं तिकीट मिळालं आणि पहिल्याच फेरीत पेनल्टीवर हार झाली. पाचवी पेनल्टी तिनं मारली होती, ती आत गेली होती. आमच्याकडच्या वर्तमानपत्राच्या यादीत तिचं नाव नव्हतं, कारण ती यादी डिव्हिजन १ पुरतीच होती. आज ती लहान मुलींना शिकवायला शनिवारी माझ्या मैदानावर येते.

डिव्हिजन ३ म्हटलं की आपल्या लोकांचा चेहरा थोडा उतरतो, म्हणून न्यू जर्सीपुरतं सांगतो. ग्लासबरो स्टेटनं, म्हणजे आजच्या रोवन विद्यापीठानं, १९८१ आणि १९९० मध्ये मुलांचं डिव्हिजन ३ चं राष्ट्रीय विजेतेपद मिळवलं. ट्रेंटन स्टेटच्या मुलींनी १९९३ आणि १९९४ मध्ये, आणि कॉलेज ऑफ न्यू जर्सी हे नवं नाव घेतल्यावर पुन्हा २००० मध्ये. त्याच कॉलेजची मुलं १९९६ चे विजेते. ही राज्याचीच कॉलेजं आहेत आणि त्यांच्या संघांत प्रामुख्यानं आपल्याच गावांतली मुलं असतात. पेठेचा संघ म्हणजे काय, हे न्यू जर्सीत कुठे दिसतं असं मला कुणी विचारलं, तर मी याच मैदानांकडे बोट दाखवीन. खेळासाठीची शिष्यवृत्ती मात्र डिव्हिजन ३ मध्ये नसते. आयव्ही लीगमध्येही नसते, तिथे मदत मिळते ती घरच्या गरजेनुसार.

पैशांचा विषय निघालाच आहे तर एक ताजा बदल समजून घ्या. पूर्वी डिव्हिजन १ मध्ये मुलींच्या संघाला १४ पूर्ण शिष्यवृत्त्यांइतकी आणि मुलांच्या संघाला ९.९ इतकी मर्यादा होती. कोच ती वाटून अनेकांना थोडी थोडी देत. खेळाडू आणि एनसीएए यांच्यातल्या खटल्यात जून २०२५ मध्ये न्यायालयानं मंजूर केलेल्या तडजोडीनंतर, ती स्वीकारणाऱ्या विद्यापीठांना शिष्यवृत्तीची ही मर्यादा राहिली नाही. त्याऐवजी संघातल्या खेळाडूंच्या संख्येवर मर्यादा आली, सॉकरसाठी २८. ऐकायला बरं वाटतं, पण आधी कितीतरी संघांत तीसहून जास्त मुली असत. आता काठावरच्या मुलीला 'ये, सरावाला लाग, पुढे बघू' असं म्हणायची कोचची सोय कमी झाली. आणि दुसरीकडे संघ बदलण्याचे नियम सैल झाल्यामुळे कोच अठरा वर्षांच्या मुलीपेक्षा एकवीस वर्षांची, दोन हंगाम खेळलेली मुलगी पसंत करतात. शाळेतून थेट मोठ्या संघात जाणाऱ्या मुलीसाठी आजचा काळ दहा वर्षांपूर्वीपेक्षा कठीण आहे. हे मी गोड करून सांगणार नाही.

पण संघ बदलण्याच्या या सैल नियमांची दुसरी बाजूही आहे, आणि तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर मला त्यातच सापडतं. २०२१ मध्ये रटगर्सच्या मुली पुन्हा कॉलेज कपमध्ये गेल्या. बिग टेनच्या साखळीत त्यांनी दहापैकी दहा सामने जिंकले आणि कॅलिफोर्नियात उपांत्य सामन्यात फ्लोरिडा स्टेटकडून एका गोलनं हरल्या. त्या संघाची गोलरक्षक मेगन मॅकलेलंड कर्नीची. आक्रमणातली फ्रँकी टॅग्लियाफेरी कोल्ट्स नेकची, पण ती आधी पेन स्टेटकडून खेळली होती आणि शेवटच्या हंगामासाठी घरच्या राज्यात परतली होती. राज्य सोडणं म्हणजे कायमचं जाणं असं आता राहिलेलं नाही. आधी बाहेर जाऊन परत येता येतं, किंवा आधी लहान ठिकाणी भरपूर खेळून मग मोठ्या ठिकाणी जाता येतं. दुसरा रस्ता मला जास्त आवडतो, कारण त्यात मुलीच्या हातात खेळलेल्या सामन्यांची चित्रफीत असते. बाकावर बसलेल्या मुलीकडे दाखवायला काहीच नसतं.

कर्नीचं नाव इतक्यांदा आलं म्हणून थोडं विषयांतर. एकोणिसाव्या शतकात तिथल्या दोऱ्याच्या गिरण्यांत स्कॉटलंडहून कामगार आले आणि येताना खेळ घेऊन आले. क्लार्क कंपनीच्या कामगारांच्या संघानं १८८५ पासून सलग तीन वर्षं अमेरिकन कप जिंकला. त्याच्याही आधी, ६ नोव्हेंबर १८६९ ला, न्यू ब्रन्सविकमध्ये रटगर्स आणि प्रिन्स्टनमध्ये जो सामना झाला, तो इथे अमेरिकन फुटबॉलचा जन्म म्हणून सांगतात. पण त्या दिवशी चेंडू हातात घेऊन पळायला बंदी होती, पंचवीस-पंचवीस खेळाडू होते आणि रटगर्स ६-४ जिंकलं. तो आपल्याच खेळाच्या जास्त जवळचा होता. तुमची मुलगी ज्या मातीवर खेळते तिला हा इतिहास आहे. एवढ्या जुन्या मातीत चांगल्या खेळाडूंची गर्दी असणारच, आणि म्हणून बाहेरच्या राज्यांतले कोच इथे मुलं शोधायला येतात.

मग विद्यापीठ कसं पारखायचं? प्रत्येक सामन्याचा तपशील विद्यापीठाच्या संकेतस्थळावर असतो. प्रत्येक खेळाडूपुढे मिनिटं लिहिलेली असतात. मागच्या दोन हंगामांतले सप्टेंबरचे सामने काढा आणि पहिल्या वर्षाच्या मुलींची मिनिटं बेरीज करून बघा. नोव्हेंबरात कोच फक्त भरवशाच्या मुलींना उतरवतो, सप्टेंबरात तो नव्यांना आजमावतो. सप्टेंबरातही जिथे पहिल्या वर्षाच्या मुली शून्यावर आहेत, तिथे तुमची मुलगीही बहुधा शून्यावरच असेल. मग तिच्या जागेवर कोण कोण आहे आणि तुमची मुलगी तिथे पोचेल त्या वर्षी त्यांतल्या किती जणी उरतील, हे मोजा. गोलरक्षक असती तर मी याहून जास्त काळजी घ्यायला सांगितलं असतं, कारण तिथे तीन-चार जणींत खेळते एकच. किती मुली दुसरीकडून आणलेल्या आहेत तेही बघा. कोच किती वर्षं आहे, हे नक्की बघा.

आणि कोचशी बोलणं होईल तेव्हा मुलीनं स्वतः विचारावं, "माझ्या जागेवर आणखी किती जणींना घेताय?" आईबापांनी नाही, तिनं. बरा कोच या प्रश्नाला आकडा सांगतो. जो आकडा सांगत नाही आणि सुविधांबद्दल बोलू लागतो, त्याचं उत्तर मिळालंच असं समजा.

अभ्यास मी शेवटी लिहीत असलो तरी तुम्ही तो पहिला धरा. संघातून नाव गेलं तरी तिला ज्या विद्यापीठात आनंदानं चार वर्षं काढता येतील, तीच विद्यापीठं तिच्या यादीत असावीत. त्या पहिल्या मुलीच्या बाबतीत तेवढं एक बरं झालं होतं. तिला तिचा विषय आवडला, ती तिथेच राहिली आणि शिकली.

आता लगेच करायच्या गोष्टी. डिव्हिजन १ चे कोच दहावी संपल्यानंतर येणाऱ्या १५ जूनपासून मुलीशी फोनवर, निरोपांतून बोलू शकतात आणि १ ऑगस्टपासून तिला अधिकृत भेटीला बोलावू शकतात. डिव्हिजन ३ चे कोच त्याआधीही बोलू शकतात. म्हणजे तुमच्या हातात अजून काही महिने आहेत. तोवर तीन-चार मिनिटांची चित्रफीत तयार ठेवा. नुसते गोल नकोत. चेंडू गेल्यावर ती काय करते ते दिसू द्या, मध्यरक्षकात कोच तेच शोधतो. पत्र तिच्या नावानं जावं, तिच्या शब्दांत जावं, आणि त्यात त्या संघाचा तिनं पाहिलेला एक खरा सामना असावा.

त्यासाठी पिस्कॅटवेला युरकॅक फील्डवर रटगर्सच्या मुलींचा एखादा सामना बघायला तिला घेऊन जा. जाताना वही न्या. पूर्ण नव्वद मिनिटं चेंडूकडे बघायचं नाही, फक्त तिच्या जागेवर खेळणाऱ्या एकाच मुलीकडे बघायचं. ती किती वेळा मान वळवून मागे बघते, किती वेळा धावते आणि चेंडू मिळत नाही, बदलून बाहेर आल्यावर बाकावर कशी बसते. मग पुढच्या आठवड्यात रोवनला किंवा कॉलेज ऑफ न्यू जर्सीला जाऊन हेच करा. दोन्ही वह्या घेऊन ती माझ्याकडे आली, तर मी तिच्याबरोबर आनंदानं बसेन.